बारा जानेवारी

तनुजाने सरजाबाईची पेटी उघडली ती चोरी पकडायलाच. बालगृहाचं अनुदान दोन वर्षं थकलेलं, ताटात रोज पातळ वरण, आणि स्वयंपाकाच्या या बाईच्या पेटीला मात्र कायम कुलूप! पंधरा वर्षं ते कुलूप तनुजाच्या डोळ्यांत सलत होतं. आज बाई किल्ली चुलीपाशी विसरली.

आत ना साखर होती, ना गूळ. जुन्या लुगड्याच्या घडीत एक चिठ्ठी होती. वेडंवाकडं अक्षर. ‘हिचं नाव तनुजा. जन्म बारा जानेवारी दोन हजार आठ. लेकराला सांभाळा. माझा इलाज नाही. - आई’

तनुजाने चिठ्ठी पुन्हा वाचली. मुरुडच्या बस स्टँडवर सापडलीस तेव्हा जवळ काहीच नव्हतं, असं तिला सांगितलं होतं. जन्मतारखेचा पत्ता नसलेल्या पोरांना लावतात तशी तिलाही शाळेत मास्तरांनी एक जून लावून टाकली होती. म्हणजे या बाईने तिची आई कुलपात कोंडली! आणखी काय काय दडपलं असेल? न्यायला आलेल्या आईला दारातूनच हाकललं असेल? चिठ्ठी घेऊन ती तडक व्यवस्थापक किशनरावांच्या ऑफिसकडे निघाली.

सरजाबाई पिठाच्या हातांनी आडवी आली.

“सराला दाखवू नकू.”

“दाखवणार. तू चोर हाईस.”

“हाव, हाय.” बाईने मान खाली घातली. “हितं अठरा भरली की त्याच दिवशी बाहीर काढतेत. तू आलीस त्याच महिन्यात सिंधू नावाच्या पोरीला काढलं, बारावीची परीक्षा तोंडावर असताना. पुन्हा पुस्तक न्हाई धरलं तिनं. म्हनून तुझ्या झग्यात घावलेली चिठ्ठी दडवली. दोनदा जाळायला घेतली. पण आईचं अक्षर हाय, हातच हालंना.”

उद्या बारा जानेवारी होती; चिठ्ठीप्रमाणे तिला उद्याच अठरा भरत होती. तनुजाची बारावीची परीक्षा महिन्यावर आली होती. तिला रडू फुटलं. तिच्यासाठी आजवर कुणी साधं भांडलंही नव्हतं, आणि ही बाई पंधरा वर्षं खोटं बोलत आली होती. तिने चिठ्ठी बाईच्या ओच्यात कोंबली.

गलका ऐकून किशनराव यादी हातात घेऊनच बाहेर आले. या महिन्यात कोणाकोणाला काढायचं, ते लिहीत होते.

“तनुजा, तुझी अठरा कधी भरतेत गं?”

तिने डोळे पुसले. “एक जूनला, सर. पटत नसंल तर सरजाबाईला इचारा.”