सात हाका

"तोताराम!"

प्रमिलाची ही सातवी हाक. चटईवरच्या मुलांनी इकडेतिकडे पाहिलं. खिडकीखालच्या तोतारामनेही पाहिलं, आणि पुन्हा चिंचोके मांडायला लागला.

'हाका सात. उत्तर नाही,' प्रमिलाने वहीत लिहिलं.

"वह्या भरून पोरं बोलत नाहीत," स्टुलावरून कमलबाई म्हणाल्या. साक्री भागातल्या बालवाड्या त्याच तपासायच्या. "बी.एस्सी. झालीस म्हणून प्रत्येक पोराचं पृथक्करण करत बसू नकोस. तीन आठवडे झाले. येत्या सोमवारी कागद कर, धुळ्याच्या मूकबधिर शाळेत पाठवू. तिथे राहायची सोय आहे."

"पण त्याला ऐकू येतं, बाई."

"मग सातदा हाक मारूनही उठत का नाही?"

नेमकं तेच प्रमिलाला कळत नव्हतं. तिने पाठीमागे ताटली पाडून पाहिली होती. तोतारामने झटकन वळून पाहिलं. "सगळे उभे राहा" म्हटलं की तो सगळ्यांच्या आधी उभा. पण "तोताराम, माठातलं पाणी आण" म्हटलं की ढिम्म. जवळ जाऊन विचारलं तर ओठ घट्ट मिटून मान खाली.

दुकान-दुकान खेळातही तेच. जरीना तागडी घेऊन बसायची. प्रमिला एकेकाला हाक मारायची आणि त्याने जाऊन गूळ, मीठ, काडेपेटी मागायची. नीट ऐकायचं, नीट मागायचं. मुलाला नाव घेऊनच हाक मारा, मग उत्तराची वाट पाहा, असं प्रशिक्षणात बजावलं होतं. प्रमिला दोन्ही काटेकोर पाळायची. वना तर काडेपेटी मागताना उधारीसुद्धा मागायचा. तोताराम सगळ्यांचं मन लावून ऐकायचा आणि जागचा हलायचा नाही.

त्याचं घर गावापासून मैलभर लांब, मळ्यात. नाव घालायला आई, बेबाबाई, एकटीच आली होती. नाव विचारल्यावर तिने नवऱ्याने लिहून दिलेली चिठ्ठी पुढे केली होती, बोलली काहीच नव्हती. आई अबोल, म्हणून मूल अबोल? प्रमिलाने तेव्हा तसं लिहिलं होतं. पुढे प्रश्नचिन्ह.

दुपारी कमलबाई जाता जाता धुळ्याचं पुन्हा बजावत होत्या, तेवढ्यात बेबाबाई न्यायला आली. डोक्यावर चाऱ्याचा भारा.

"बेबाबाई, तोताराम घरी बोलतो का हो?"

बेबाबाईने भारा टाकला आणि चटकन पदर पुढे ओढला. म्हणाली, "काय सांगू बाई. आबाना तोंडले दिनभर इसावा नही."

प्रमिलाने मान वर केली. "आबा? एवढं काय बोलतात?"

"बठ्ठं! बैल का बसना, मोटारनं पानी कथाईन येस, बाजारमा काय भाव व्हता. आम्हले तोंड उघडू देतस नही."

"तुम्ही काही म्हणत नाही त्यांना?"

"आबासले कोन बोली?" बेबाबाई हसली. "सासूबाईबी तुम्ही-तुम्ही करतस. ताटमा भाजी आवडनी नही ते ताट लोटी देतस. आते पुढला दोन दात पडी ग्यात, ते भाकर दूधमा मोडीसन देवी पडस."

प्रमिलाची पेन्सिल भराभर चालली. 'आई अबोल'ची जुनी ओळ प्रश्नचिन्हासकट खोडली गेली.

निघताना बेबाबाईने तिचा हात धरला. "बाई, त्या मोठ्या बाई धुळानं काय म्हनत व्हत्यात? तथं धाडू नका. घर रितं व्हई जाई."

"मी येते रविवारी," प्रमिला म्हणाली. "आबांशीच बोलते."

"या ना. आबाले लई आवडी."

रविवारपर्यंत प्रमिलाच्या डोक्यात सगळं जुळून आलं. ज्या घरात एकच माणूस अखंड बोलतो, तिथे लहान मुलाला बोलायला फट मिळेल कशी? दोष कानाचा नव्हता, जिभेचा नव्हता, जागेचा होता. म्हाताऱ्याला गोडीत सांगायचं: आबा, रोज घटकाभर तुम्ही ऐका, नातवाला बोलू द्या. महिन्याभरात फरक दिसेल. तेवढ्या मुदतीसाठी कमलबाईंना लिहायच्या अर्जाचा मसुदाही तिने करून ठेवला. पडलेले दात आठवून वाटेत मऊ पिकलेली केळी घेतली.

मळ्यात शिरताना तिने पाठ केलेलं वाक्य एकदा पुटपुटून पाहिलं. आपल्या आजोबांच्या वयाच्या माणसाला गप्प बसा म्हणायचं म्हणजे धाडसच.

बेबाबाईने अंगणात बाज टाकली, पाणी दिलं. सासू ओसरीत शेंगा फोडत होती.

"आबा आहेत ना घरात?"

"शेतस ना, घरमाच शेतस." बेबाबाईने दाराकडे तोंड करून आवाज दिला, "आबा, बाहेर या हो! बाई उन्यात तुमले भेटाले."

"उनू, उनू!" आतून आवाज आला. लगेच.

प्रमिला उठून उभी राहिली. पदर सारखा केला, नमस्कारासाठी हात जोडले. नजर दारावरच्या तसबिरीवर गेली. फेटा बांधलेला म्हातारा, फोटोला चंदनाचा हार. खाली रंगवलेली अक्षरं तिने वाचली: कै. तोताराम नथू पाटील. मृत्यू १९८१.

तिने पुन्हा वाचली. जोडलेले हात तसेच राहिले.

त्या तसबिरीखालून उंबरा ओलांडून पाच वर्षांचा पोरगा धावत आला. हातात चिंचोके, तोंडभर हसू, पुढचे दोन दात गायब.

"बाई," त्याने विचारलं, "तुम्ही रोज हाका मारतस, तो तोताराम सापडना का?"