लांबचं दाखवणारं कार्ड

"स्टीअरिंग नको," लायल म्हणाला आणि बायकोच्या, अर्डिसच्या हातातला खोका चाचपत त्याने काढून घेतला.

अर्डिसला वाटलं, म्हातारा कामातून गेला. सारा जन्म ज्याने ट्रकच्या स्टीअरिंगमागे काढला, तो स्टीअरिंगच नको म्हणतो? आणि तेही सगळी खरेदी याच्यासाठीच चाललेली असताना.

लायलच्या डोळ्यांत मधोमध डाग पसरला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. वसंतात त्याचं लायसन्स गेलं. तेव्हापासून रोज जेवण झालं की तो अंगणातल्या पिकअपमध्ये जाऊन बसायचा. गाडी बंद, हात मांडीवर. समोर वाऱ्यावर मका हलायचा. तो हलणारा मका म्हणजेच रस्ता समजून हा माणूस कुठे कुठे जाऊन यायचा, देव जाणे. हाक मारली की घरात यायचा, पण सगळा यायचा नाही. थोडा तिकडेच राहायचा. रोज थोडा जास्त. बोलणं आटलं, मागणं तर पार संपलं. एक दिवस नुसता कोटच घरात येईल, अशी अर्डिसला धास्ती लागली होती.

मग नातीने फोनवर सांगितलं, ट्रक चालवायचा एक खेळ असतो, त्यात खरे रस्ते असतात, कॉम्प्युटर मात्र दमदार लागतो. तयार घेऊ नकोस आजी, भाग निवडून जोडून घे, स्वस्तात पडेल. अर्डिसने आधी तिला झापलं, तुझा आजोबा काय शेंबडा पोरगा आहे का? मग तिलाच दुकानाचा पत्ता विचारला.

तर हे ते ओमाहा शहरातलं दुकान. काचेतून दुपारचं पिवळं ऊन आत लोळत होतं. खोक्यांच्या भिंतींमधून बारीक पंख्यांची घरघर येत होती, झोपलेल्या मांजरांसारखी. एका पडद्यावर ट्रक आपला आपण चालला होता, आत कोणी नव्हतं, आणि रस्ता काही संपत नव्हता. आत आल्या आल्या दोघं त्याच्यासमोर थांबले होते. उभ्या जन्मात अर्डिस अशी रिकामी उभी राहिली नव्हती.

दुकानात कोरा नावाची पोरगी होती, हिरव्या केसांची, पण शहाणी. तिने समजावलं, इथे एका भागामागे दुसरा ओढला जातो. भारी ग्राफिक्स कार्ड घेतलं की त्याला वीज जास्त लागते, म्हणून पॉवर सप्लाय मोठा, म्हणून कॅबिनेट मोठं. अर्डिसला हे झटकन कळलं. नवे पडदे लावले की सोफा जुनाट दिसायला लागतो, तसंच हे. तिने प्रोसेसर वापरलेला घेतला. मेमरी लागेल तेवढीच. कॅबिनेट साधं, पत्र्याचं. रंगीत दिव्यांचं दाखवलं तेव्हा म्हणाली, "पेटीच्या आत दिवे कशाला? आत कोण राहतंय?"

शेवटी दोन वस्तू उरल्या आणि पैसे एकीपुरतेच उरले. एक तर खऱ्या ट्रकसारखं हातात थरथरणारं स्टीअरिंग, नाहीतर चांगलं कार्ड. साध्या कार्डावर जवळचा रस्ता ठीक दिसतो, कोरा म्हणाली, पण लांबचं सगळं धुक्यात जातं. चांगल्यावर थेट डोंगरापर्यंत दिसतं. मग तिने आवाज खाली आणला. साहेबांच्या डोळ्यांना धुकं काय आणि डोंगर काय, सारखंच ना? अर्डिसचाही हिशोब तोच होता. डोळे गेले तरी हात शाबूत आहेत. म्हणून तिने स्टीअरिंग उचललं होतं.

आणि आता ते याने परत ठेवलं. चाचपडत त्याने चांगल्या कार्डाचा खोका शोधला आणि काखेत मारला.

"अरे, तुला माझं तोंड धड दिसत नाही," अर्डिस खेकसली, "डोंगर कुठले दिसणार?"

"तोंड ऐकू येतं की," लायल म्हणाला.

कोराने हसू दाबलं. अर्डिसच्या जिभेवर उत्तर आलं होतं, ते तिने गिळलं. वसंतापासून हा माणूस एकदाही असं उलटून बोलला नव्हता.

लायलने पडद्यापुढची खुर्ची ओढली, पण बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून अर्डिसकडे तिरका बघत राहिला, कडेच्या उरल्यासुरल्या नजरेने. ती बसली, ती केवळ पाय दुखत होते म्हणून, असं तिने कोराला बजावलं. कोराने तिची बोटं कीबोर्डवर ठेवली. ही पुढे जायला, या दोन वळायला. पडद्यावरचा ट्रक गुरगुरला.

"माझी बोटं कशाला?" अर्डिस म्हणाली. "खेळ तुझ्यासाठी घेतोय."

"मी पाहिलंय गं सगळं. दर मुक्कामावरून तुला फोन करून सांगायचो, आणि इकडे माझी आई, पाच पोरं आणि कोंबड्या सांभाळत तू नुसतं हूं हूं करायचीस. आपल्या नेब्रास्का राज्याच्या बाहेर तुला एकदाही नेलं नाही मी."

अर्डिसने पुढे जायची कळ दाबून धरली. पडद्यावर सपाट रस्ता पश्चिमेकडे सरकत होता, आणि दूर, अगदी कडेला, आभाळ जरा वेगळं दिसायला लागलं होतं.

लायल तिच्या कानाशी वाकला. "काय दिसतंय ते तू सांग," तो म्हणाला. "गावांची, डोंगरांची नावं मी सांगतो."