हुकूम कुणाचा?

रुग्णालयाच्या नऊशे रक्तदात्यांच्या चॅटगटासाठी सुनेने लिहिलेला बॉट पाच वाजता सुरू व्हायचा होता. शेवटची चाचणी घरच्या गटावर चालली होती. सासूबाईंनी गंमत म्हणून टाइप केलं, “काढ,” आणि पुढे सासऱ्यांचा नंबर. सासरे गटाबाहेर! “गेली घोरण्याची कटकट!” सासूबाई हसल्या. सुनेने मात्र लगेच बॉटचा कोड उघडला. हा अधिकार फक्त गटप्रमुखाचा, पण बॉट स्वतःचीच परवानगी तपासत होता, हुकूम सोडणाऱ्याची नाही. आजवर सगळे हुकूम तिनेच देऊन पाहिले होते आणि ती स्वतः गटप्रमुख, त्यामुळे तिला चूक दिसलीच नव्हती. उद्या एखाद्या टवाळखोराने सगळे दाते गटातून काढून टाकले असते. तिने ओळ दुरुस्त केली. सासूबाईंचा पुढचा हुकूम बॉटने साफ नाकारला. रुग्णालयाच्या कागदावर ‘चाचणी कुणी केली’ या रकान्यातलं आपलं नाव खोडून सुनेने सासूबाईंचं लिहिलं. “अगं, मी तर चेष्टा केली!” “ती मला सुचलीच नसती, आई.”