डावा कान

"आई, माझ्या बारशाले पाळण्याच्या डाव्या बाजूनं कोण वाकली होती वं?"

मैत्रिणींनी पैज लावली होती. बाबांनी दहावीसाठी सुरू केलेल्या आठवणीच्या गोळीनं अख्खं जीवशास्त्र तर पाठ झालंच, पण आपलं बारसंसुद्धा आठवतं, असं अपेक्षा शाळेत ऐटीत सांगून बसली होती. मिनल म्हणाली, "फेकू नको, घरी विचारून दाखव!"

आई पोळी लाटता लाटता हसली. "आत्या होती, उजवीकडे. तिनंच तुह्या कानात नाव सांगितलं. डावीकडे तर भिंत होती, पोरी."

अपेक्षानं अल्बम काढला. खरंच, कुही गावच्या जुन्या घरात पाळणा भिंतीला अगदी टेकलेला होता.

तिला मात्र लख्ख आठवत होतं. हिरव्या बांगड्यांचा हात, ओल्या धानाचा वास, आणि आत्याच्याही आधी डाव्या कानाशी आलेला ऊबदार श्वास. ती बाई वेगळंच नाव सांगत होती. परवाच्या गोळीनंतर त्याचं पहिलं अक्षर ऐकू आलं, कालच्या गोळीनंतर दुसरं. काय गोड आवाज होता! दिवसभर त्यावर झोके घेत राहावं असा.

संध्याकाळी अपेक्षाकडून ऐकलेलं सगळं आईनं बाबांना सांगितलं, तशी त्यांनी गोळ्यांची डबी उचलली. "बस झालं. मार्क कमी पडले तर पडू दे."

अपेक्षानं ती अलगद काढून घेतली. तिच्या डाव्या कानापाशी बांगड्या किणकिणल्या.

आईनं दचकून तिकडे पाहिलं.

"बाबा, मी ठरवलं," अपेक्षा हसून म्हणाली. "गोळी बंद नाही करणार. एकच अक्षर राहिलं आहे. ते ऐकलं, की मी तिले ओ देणार."