फोटोतली कमान

इटलीच्या सहलीत ताईने घरच्या ग्रुपवर कमानींचे फोटो टाकले आणि खाली चेष्टेने लिहिलं, ‘नाहीतर आपण, जिथे तिथे भिंती.’

धाकट्या भावाने ते मनावर घेतलं. ती परतली तेव्हा हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत गायब होती. तिथे पांढरीशुभ्र कमान उभी होती.

“बघ, हुबेहूब आहे की नाही?” भावाची छाती फुगली होती. “आठवड्यात उरकलं सगळं. ही म्हणते, दृष्ट काढायला हवी घराची.”

ताईने कमानीवर बोटाने टकटक केलं. पोकळ आवाज आला.

“कशाची आहे रे?”

“प्लास्टरची. वजनच नाही तिला.”

इटलीतल्या कमानींना दोन्हीकडून हातभर जाडीच्या भिंतींनी पेलून धरलं होतं. त्यातल्याच एका भिंतीला टेकून ताईने फोटो काढले होते, म्हणून फोटोत नुसत्या कमानी आल्या.

“आणि पाडलेल्या भिंतीवर काय होतं?”

“काही नाही गं. वरची खोली.”

ताईने मान वर केली. छतावर केसाएवढी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती.

तेवढ्यात वरून आईची हाक आली, “आलीस का गं? थांब, खाली येते.” वर खाट करकरली आणि चिमूटभर पांढरी भुकटी ताईच्या खांद्यावर पडली.

“आई, उठू नकोस,” ताई म्हणाली. पण मोठ्याने ओरडायचीही तिला भीती वाटली.