मंगळवारचा फोटो

मेलच्या सब्जेक्टमध्ये शिवांगीने ‘शेवटचे सात प्लॉट’ असं लिहिलं आणि लगेच खोडलं. गेल्या तीन महिन्यांत हे शेवटचे सात प्लॉट पाच वेळा संपून झाले होते. मुदखेड रोडवरच्या लेआउटमध्ये अजून एकसष्ट प्लॉट तसेच पडून होते आणि लोक काही दूधखुळे नव्हते. नांदेड सोडून पुण्याला, हैदराबादला, आखातात गेलेल्या चार हजार जणांना दर बुधवारी साइटचा ताजा फोटो घालून मेल जायचा. शंभरातले आठ जण उघडायचे, हे शिवांगीला स्क्रीनवर मोजून दिसायचं. बाकीच्यांकडे तो पडून पडून शिळा व्हायचा.

अपवाद एकच, मस्कतचा कुणी नबील शेख. सब्जेक्ट कसाही असो, हा गडी पाच मिनिटांत मेल उघडायचा आणि मग आठवडाभर उघडतच राहायचा. गेल्या आठवड्यात त्याने तो चाळीस वेळा उघडला होता. आपली ओळ निदान एका माणसाला तरी भिडते, असं शिवांगीला मनातून वाटायचं. अलीकडे तर ती त्याच्यासाठी म्हणूनच शब्द निवडायला लागली होती. हे अर्थात तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

“चाळीस वेळा?” बिल्डर आनंदराज तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. “गिऱ्हाईक दारात येऊन उभं हाय आणि तू सब्जेक्ट खरडून राहिलीस? लाव फोन. स्पीकरवर लाव.”

नबीलने फोन उचलला. मागे कसलंतरी यंत्र घरघरत होतं. शिवांगीने प्लॉटचा विषय काढताच तो ओशाळला.

“न्हाई मॅडम, प्लॉट कुठला. मी इथं एसी दुरुस्तीचं काम करून राहिलो. आपली ऐपत न्हाई.”

“मग मेल इतक्यांदा का उघडता? सब्जेक्ट आवडतो का?”

“सब्जेक्ट?” तो जरा अडखळला. “ते मी वाचत न्हाई मॅडम. फोटो बघतो. तुमच्या गेटच्या उजव्या हाताला पत्र्याचं घर हाय बघा, ते आमचं. अम्मी दारात बसलेली असते. बोटांनी मोठं करून बघतो.”

शिवांगीने फोटो मोठा केला. अगदी कडेला, नखाएवढी, एक बाई खुर्चीवर बसली होती. तीन महिने हे फोटो शिवांगीच मेलमध्ये घालत होती. तिला ती बाई एकदाही दिसली नव्हती.

“व्हिडिओ कॉल करत जा की,” ती म्हणाली.

“अम्मी करू देत न्हाई. फोनवर बोलते, पण तोंड दाखवत न्हाई. म्हणते, फोटोत काय बघतो, येऊन बघ.” तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. “पाच साल झाले. सुट्टी मिळते तर तिकीट जमत न्हाई, तिकीट जमतं तर सुट्टी न्हाई. लई आठवण येते मॅडम. मी प्लॉट घेतला न्हाई तरी फोटो तेवढा येऊ द्या.”

शिवांगीने फोन ठेवला, पण मोठा केलेला फोटो मिटवला नाही. आनंदराज मात्र खुशीत होते.

“‘फोटोत काय बघता, येऊन बघा!’ हाच सब्जेक्ट टाक. म्हातारीनं लाखमोलाची ओळ दिली.” मग ते स्क्रीनकडे वाकले. “आणि ते पत्र्याचं घर फोटोत येऊन राहिलंय होय? तरीच प्लॉट जात न्हाईत. उद्या मल्लेशला मागच्या टोकाकडून फोटो काढायला सांग. घर दिसायला नको.”

“सर, पण त्याची आई...”

“आपण प्लॉट विकतो, शिवांगी. आई न्हाई.”

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ती फोटोग्राफर मल्लेशबरोबर स्वतः साइटवर गेली. हळूच एक फोटो काढून नबीलला वेगळा पाठवावा, असं वाटेत तिच्या मनात आलं होतं. पण जी बाई पोटच्या पोराला तोंड दाखवत नाही, तिचा फोटो चोरून कसा काढायचा? तिचं मन धजेना.

नबीलची अम्मी, अमीरबी, पत्र्याच्या घराच्या दारात बसल्या होत्या. अंगावर धुतलेली हिरवी ओढणी होती. मल्लेश नेहमीसारखा गेटापाशी थांबला नाही. लेआउटला वळसा घालून तो मागच्या टोकाला गेला आणि त्याने शेवटच्या रांगेतले प्लॉट आणि पलीकडचं शेत तेवढं दिसेल असा कॅमेरा लावला. अमीरबी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, खुर्ची उचलली आणि हद्दीच्या दगडांच्या कडेकडेने चालत निघाल्या. मध्ये एकदा खुर्ची टेकवून त्यांनी दम खाल्ला. बरोबर कॅमेऱ्यासमोरच्या रिकाम्या प्लॉटमध्ये येऊन त्या बसल्या.

“खाला, बाजूला सरका! फोटोत येऊन राहिल्या तुम्ही,” मल्लेश ओरडला.

अमीरबी हलल्या नाहीत. शिवांगी त्यांच्याजवळ गेली.

“खाला, हा फोटो लई लांब जातो. परदेशातले लोक बघतात.”

“ठाऊक हाय.” त्यांना धाप लागली होती. “मागल्या जुम्म्याला पोरगं फोनवर इचारतंय, अम्मी, हिरवी ओढणी नवी घेतली का? मी तर त्याला सांगितलंच नव्हतं.”

“मग त्याच्याशी व्हिडिओवर बोला की. सरळ समोर बघेल तो तुम्हाला.”

“आन मग येईल कशाला?”

अमीरबींनी ओढणी सारखी केली, एक बट कानामागे सारली आणि कॅमेऱ्याकडे पाहायचं नाही म्हणून तोंड रस्त्याकडे वळवलं.

“तुमचा फोटो तुम्ही काढा,” त्या म्हणाल्या. “मी आपली बसून राहिले.”