दुर्बिणीची बाळंतखोली

"शनी परत बटाटेवड्यासारखा आलाय!" दुर्बिणीतनं काढलेला फोटो बघून डोंगरावरची वेधशाळा सांभाळणाऱ्या हिंदळेकरबाईंनी कपाळाला हात लावला. संध्याकाळी तपासणीला वरचे साहेब येणार होते. शनीची कडी दिसली नाही, तर दुर्बीण दुसऱ्या डोंगरावर जाणार होती.

आणि बाईंनी तर तिला बाळंतिणीसारखं जपलेलं! रात्री फोटोपुरती घुमटाची फट उघडायची, एरवी घुमट आणि खिडक्या गच्च बंद, वाऱ्याची झुळूकसुद्धा लागू दिली नव्हती.

दुपारी त्यांनी घुमट जरा उघडला, तर भाताचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर आली. वरनं जाणारी घार त्या झोतानं थेट पलीकडच्या तालुक्यात पडली म्हणे!

"अगंबाई, ही कढत हवाच शनीला नाचवत होती!" बाईंनी साऱ्या खिडक्या सताड उघडल्या, पंखे लावले.

दिवेलागणीला साहेबांना कडी लख्ख दिसली. "दुर्बीण राहू द्या इथंच," ते कुडकुडत म्हणाले, "पण खिडक्या लावा हो!"

"खबरदार! आता तुम्हीच बसा बाळंतिणीसारखे कान बांधून."